सॉलोमन लिंडा : एका गाण्याचा धनी

गेल्या वर्षी मराठी विभागाने आम्हा प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना लोकगीतांचे संकलन करावयास सांगितले होते. माझ्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, पण आजी आहे. दिवाळीच्या सुटीत मी वही घेऊन तिच्यापुढे बसलो आणि जात्यावरच्या तेवीस ओव्या उतरवून घेतल्या. वहीत शेवटचा रकाना होता रचनाकाराचा. तेवीसच्या तेवीस ओव्यांपुढे मी एकच शब्द लिहिला : पारंपरिक. गुण चांगले मिळाले, आणि मी ती वही विसरून गेलो.

यंदा सॉलोमन लिंडा नावाच्या एका झुलू गायकाची जीवनकथा माझ्या वाचनात आली. ती वाचल्यापासून तो रकाना मला टोचू लागला आहे. का, ते शेवटी सांगेन. आधी ह्या माणसाची ओळख करून देतो.

लिंडा हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. त्याचे गाणे मात्र बहुतेकांच्या कानांवरून गेले आहे. १९९४ साली निघालेल्या 'द लायन किंग' ह्या चित्रपटात टिमॉन आणि पुंबा हे दोघे दोस्त जंगलातून जाताना सिंहाच्या झोपेविषयीचे एक गाणे म्हणतात. ते मुलांच्या खेळण्यांतून वाजते, मोबाइलच्या घंटीतून वाजते. शब्द कळत नसले तरी चाल ओठांवर येते. त्या चालीचा उगम जोहान्सबर्ग शहरातल्या एका साध्या ध्वनिमुद्रण खोलीत, १९३९ साली, एका मजुराच्या गळ्यात झाला.

सॉलोमनचा जन्म १९०९ सालचा. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडे नाताळ प्रांत आहे. आज त्याला क्वाझुलू-नाताळ म्हणतात. हा प्रांत आपल्याला परका नाही. १८९३ साली गांधीजी ह्याच प्रांतातील डर्बन बंदरात उतरले होते आणि ह्याच प्रांतातील एका स्थानकावर त्यांना गाडीतून खाली उतरविण्यात आले होते. आपले नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९१२ साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले, तेव्हा सॉलोमन तीन वर्षांचा होता. नाताळमधल्या म्सिंगा नावाच्या डोंगराळ भागात, पोमेरॉय गावाजवळ, त्याचे बालपण गेले.

झुलू समाजात गुरे हीच दौलत. मुलगा चालता-बोलता झाला की काठी घेऊन गुरांमागे जातो. सॉलोमन आणि त्याचे सवंगडीही असेच गुराखी होते. वासरांवर टपून बसलेल्या सिंहांना पोरांनी हाकलून लावल्याची त्या दिवसांतली एक आठवण सांगितली जाते. पुढच्या गाण्याचे बी त्या आठवणीत होते म्हणतात. गावच्या लग्नसमारंभात म्हटली जाणारी गाणी त्याच्या कानांवर होतीच. शिवाय तो गॉर्डन मेमोरियल ह्या मिशनच्या शाळेत जाऊ लागला. तिथे प्रार्थनागीते होती, अनेक आवाजांनी एका वेळी गाण्याची पाश्चात्त्य पद्धत होती. एकीकडे गावाकडचा सूर आणि दुसरीकडे चर्चमधला सूर, असे दोन झरे ह्या मुलाच्या गळ्यात एकत्र आले.

परंतु गळ्याने पोट भरत नाही. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने जमिनीचा एक कायदा केला. देशातील बहुसंख्य असलेल्या काळ्या लोकांसाठी त्यात सुमारे सात टक्के जमीन राखून ठेवली आणि तेवढ्यावरच त्यांना जमीन धरण्याची मुभा दिली. माणसे जास्त, माती थोडी, आणि वर झोपडीमागे रोकड कर! कराचा पैसा आणायचा कोठून? मग तरुणांनी गाव सोडावे, सोन्याच्या खाणीत, कारखान्यात, गोऱ्यांच्या घरी राबावे आणि पैसे गावी पाठवावेत, हाच क्रम ठरून गेला. जोहान्सबर्ग शहर अशा माणसांच्या घामावर उभे राहिले. १८८६ साली त्या परिसरात सोने सापडले आणि माळावर शहर वसले. कोकणातली आणि घाटावरची माणसे गिरणीसाठी मुंबईला गेली, त्यांच्या घरच्यांना हे दुःख निराळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की जोहान्सबर्गमध्ये काळ्या माणसाला खिशात परवाना बाळगावा लागे. परवाना नसेल तर तुरुंग!

१९३१ साली बावीस वर्षांचा सॉलोमन ह्या शहरात आला. स्मॉल स्ट्रीटवरच्या फर्निचरच्या एका दुकानात त्याला काम मिळाले. त्याच्या मामांचे एक गायकवृंद होते, 'ईव्हनिंग बर्ड्स' म्हणजे सांजपाखरे. दिवसभर दुकानात राबावे आणि संध्याकाळी ह्या वृंदात गावे, असा त्याचा दिनक्रम सुरू झाला. १९३३ साली तो वृंद मोडला. सॉलोमन कार्लटन हॉटेलात कामाला लागला. पण पाखरांना तो विसरला नाही. पोमेरॉयकडच्याच पाच मित्रांना जमवून त्याने नवा वृंद उभारला आणि जुनेच नाव त्याला दिले.

ह्या सहा जणांनी काय केले, ते थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. गायकवृंदात निरनिराळ्या उंचीचे आवाज असतात. त्या काळी एकेका उंचीला साधारणपणे एकच गायक असे. सॉलोमनने खर्जासाठी एक नव्हे, तीन गायक घेतले. तीन जाड, दमदार आवाज एकत्र लागले की जमीन हलल्यासारखी वाटे. त्या भक्कम जमिनीवर सॉलोमन स्वतः उंच, बारीक, जवळजवळ बाईमाणसासारखा वाटणारा सूर लावी. खाली तीन बैलांची चाल आणि वर एकच घार! ही रचना त्याची स्वतःची होती. तिने पुढच्या पिढ्यांच्या गाण्याला वळण लावले.

दुसरी गोष्ट पोशाखाची. हे सहाही जण हलक्या कामांवरचे मजूर, पण रंगमंचावर येत ते रेघांचे सूट, गोल टोप्या आणि दुरंगी बूट घालून. सर्वांची पावले एका तालात पडत. दिवसभर ज्यांना मालक लोक 'बॉय' म्हणून हाक मारीत, ती माणसे शनिवारी रात्री साहेबासारखी उभी राहत. मजुरांच्या वसतिगृहांतून रात्र-रात्र वृंदगायनाच्या स्पर्धा चालत. लग्ने असत. सांजपाखरांचे नाव सर्वांच्या तोंडी झाले. आपल्याकडे पंचक्रोशीत एखाद्या भजनी मंडळाचे किंवा तमाशाच्या फडाचे नाव व्हावे, तसे.

ह्याच सुमारास एरिक गॅलो ह्या गृहस्थांची रेकॉर्ड कंपनी जोहान्सबर्गमध्ये होती. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत तेव्हा ध्वनिमुद्रणाची सोय असलेली ती एकमेव जागा होती. ग्रिफिथ्स मोत्सिएलोआ हे स्वतः रंगभूमीवरचे कलावंत. ते ह्या कंपनीसाठी गुणी गायक हुडकीत असत. त्यांच्या नजरेत सांजपाखरे भरली. सॉलोमनला त्याच कंपनीत कामही मिळाले. काम कसले? रेकॉर्ड पेट्यांत भरण्याचे!

माझे वडीलही एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर आहेत. पेटीत काय आहे ह्याच्याशी पेटी भरणाऱ्याचा संबंध नसतो, असे ते नेहमी सांगतात. सॉलोमनच्या बाबतीत तेही खरे राहिले नाही. ज्या कंपनीत तो पेट्या भरीत होता, तिथल्या पेट्यांतून त्याचाच आवाज गावोगाव चालला होता.

१९३९ साली सहा जण ध्वनिमुद्रणासाठी उभे राहिले. बऱ्याच गाण्यांपैकी एक होते 'म्बुबे'. झुलू भाषेत ह्या शब्दाचा अर्थ सिंह. शब्द अगदी थोडे, तेच तेच पुन्हा म्हणायचे. पहिला प्रयत्न झाला, दुसरा झाला, मनासारखे जमेना. तिसऱ्या वेळी गाण्याने पकड घेतली. खाली खर्जाचा ठेका चालू होता, वर सॉलोमन तान घेत होता, हेल काढत होता. आणि गाणे संपता संपता, कोणी शिकवले नव्हते, आधी बसवले नव्हते, असे काही स्वर त्याच्या गळ्यातून ओघळून गेले. मोजायला गेलो तर पंधरा-सोळा स्वरच! पण पुढे जगाने जी चाल उचलली, ती हीच. तीन मिनिटांच्या आतली ती रेकॉर्ड.

'म्बुबे' कमालीचे गाजले. १९४८ च्या सुमारास तिच्या सुमारे एक लाख प्रती खपल्या होत्या, असे सांगतात. झुलू मजुरांच्या ह्या गायनप्रकाराला लोक म्बुबे ह्याच नावाने ओळखू लागले. एका गाण्याचे नाव अख्ख्या प्रकाराला पडावे, ही किती मोठी गोष्ट! त्याच परंपरेतून पुढे इसिकाथामिया हा मवाळ, चवड्यांवर अलगद पावले टाकीत गाण्याचा प्रकार फुलला. जोसेफ शाबालाला यांनी १९६० साली स्थापिलेल्या 'लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझो' ह्या वृंदाने तो जगभर नेला. हे सारे सॉलोमनच्या त्या तीन खर्ज-गायकांचे वंशज होत.

आता मोबदल्याचे. ह्या गाण्याचे सर्व हक्क गॅलो यांच्या कंपनीकडे गेले. सॉलोमनला मिळाले दहा शिलिंग. दहा शिलिंग म्हणजे अर्धा पौंड. रेकॉर्ड विकली गेली की गायकाला दर प्रतीमागे काही मिळावे, हा विचार त्या वेळी काळ्या कलावंतांच्या बाबतीत कोणी करीतच नसे. सॉलोमननेही तक्रार केल्याचे दिसत नाही. त्याला नोकरी होती, मान होता, शनिवारची रात्र होती.

१९४८ साल त्याच्या आयुष्यात आणि त्याच्या देशाच्या आयुष्यातही वळणाचे ठरले. त्या वर्षी नॅशनल पक्ष निवडणूक जिंकून सत्तेवर आला आणि वर्णभेद हे राज्याचे उघड धोरण झाले. त्याच वर्षी सांजपाखरांचा वृंद विसर्जित झाला. त्याच सुमारास सॉलोमनचे लग्न झाले. जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला काळ्या कामगारांच्या वसाहती होत्या. इंग्रजीत त्यांना टाउनशिप म्हणत. शहराला कामाला माणसे हवीत, पण रात्री ती डोळ्यांसमोर नकोत, ह्या हिशेबाने शहराबाहेर वसवलेल्या ह्या वस्त्या. पहाटे शहराकडे जायचे आणि दिवेलागणीनंतर परतायचे. १९६३ साली ह्या साऱ्या वसाहतींना मिळून सोवेटो हे नाव मिळाले. तिथल्याच एका लहानशा घरात सॉलोमनने संसार थाटला. जमीन शेणाने सारवलेली, घरात मुले बरीच. रोजचे जेवण म्हणजे मक्याच्या पिठाची लापशी. एक मूल कुपोषणाने दगावले. शेणाने सारवलेली जमीन म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पण घरात ती जमीन आणि बाहेर लाख रेकॉर्डींवर आपला आवाज, हा मेळ कसा बसवायचा?

सॉलोमन पेट्या भरीत असताना त्याची रेकॉर्ड अटलांटिक ओलांडून गेली. गॅलोंनी काही आफ्रिकी रेकॉर्डी न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीकडे पाठविल्या होत्या. तिथे त्यांना कोणी विचारीना. लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन लोमॅक्स यांनी त्या फेकल्या जाण्यापासून वाचविल्या आणि आपल्या मित्राला, गायक पीट सीगर यांना दिल्या. सीगर 'म्बुबे' ऐकून थक्क झाले. त्यांनी रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावून स्वर आणि शब्द उतरवून घेतले. झुलू त्यांना येत नव्हती. त्यामुळे मूळ शब्द त्यांच्या कानांना 'विमोवे' असा ऐकू आला. त्याला झुलू भाषेत काही अर्थ नाही. पण अमेरिकेत तेच नाव रूढ झाले. त्यांच्या 'वीव्हर्स' ह्या गायकमंडळाने १९५१ साली गाणे मुद्रित केले आणि ते लोकप्रिय झाले.

त्या रेकॉर्डीवर रचनाकार म्हणून नाव छापले होते पॉल कॅम्बेल. हा पॉल कॅम्बेल कोण? कोणीच नव्हे! लोकगीतांच्या आपण केलेल्या मांडणीचे पैसे मिळावेत म्हणून वीव्हर्स मंडळाने घेतलेले ते टोपणनाव होते. गाणे आफ्रिकेतले आहे, म्हणजे ते लोकांचे आहे, परंपरेने आलेले आहे, त्याला धनी नाही, असे गृहीत धरण्यात आले. जो माणूस जन्मलाच नव्हता त्याचे नाव गाण्यावर लागले. आणि जो माणूस जिवंत होता, त्याच वेळी जोहान्सबर्गमध्ये रेकॉर्डी पेटीत भरीत होता, त्याचे नाव लागले नाही.

सीगर यांच्याविषयी न्यायाने बोलले पाहिजे. हे परंपरेचे नसून एका माणसाचे गाणे आहे, हे कळल्यावर त्यांनी सॉलोमनला एक हजार डॉलर पाठविले आणि पुढचे पैसेही त्याला मिळावेत असे प्रकाशकांना सांगितले. नंतरच्या काळात, आपण ह्याचा नीट पाठपुरावा करायला हवा होता, अशी खंतही त्यांनी व्यक्त केली. त्यांच्या मनात कपट होते असे म्हणता येत नाही. पण सदिच्छेने पाठविलेली रक्कम म्हणजे हक्क नव्हे. दान द्यायचे की नाही ते देणारा ठरवितो. हक्क मात्र मागता येतो.

१९६० साली मिरियम मकेबा हिने 'म्बुबे' अमेरिकेत गाऊन मुद्रित केले. ती स्वतः जोहान्सबर्गच्या टाउनशिपची लेक. पुढे वर्णभेदाविरुद्ध बोलल्याबद्दल तिला तीस वर्षे मायदेशी परतता आले नाही. तिच्या तोंडी ते गाणे पुन्हा झुलू झाले. पण जगाने उचलले ते दुसरेच रूप. १९६१ साली जॉर्ज वाइस, ह्यूगो पेरेटी आणि लुइजी क्रिएटोरे ह्या अमेरिकन जोडणीदारांनी विमोवेला नवे रूप दिले. सॉलोमनने शेवटी सहज घेतलेले ते स्वर त्यांनी मुख्य चाल म्हणून पुढे आणले आणि त्यांवर इंग्रजी शब्द बसविले. 'द लायन स्लीप्स टुनाइट' ह्या नावाने 'टोकन्स' नावाच्या मंडळींनी ते गायिले. १९६१ च्या डिसेंबरात ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. रचनाकार म्हणून नावे छापली ती ह्या तिघांची.

एक बदल ध्यानात घेण्याजोगा आहे. सॉलोमनच्या गाण्यातला सिंह जागा होता. पोरांनी हाकलायचा, गुरांवर टपलेला, खराखुरा सिंह. अमेरिकन गाण्यातला सिंह झोपी गेला. कदाचित त्यामुळेच तो सर्वांना चालला.

ते गाणे अमेरिकेत गाजत होते तेव्हा सॉलोमन काय करीत होता? तो आजारी होता. १९५९ साली रंगमंचावर गाता गाता तो कोसळला. त्यानंतर दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मूत्रपिंडे निकामी झाली होती. १९६२ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच्या बँकेच्या खात्यात त्या वेळी पंचवीस डॉलरहूनही कमी रक्कम होती असे नमूद आहे. मागे पत्नी आणि लहान मुली. कबरीवर दगड बसवायला पैसे नव्हते. तो दगड बसायला अठरा वर्षे लागली. आपले गाणे दूरदेशी गायिले जाते ह्याचा सॉलोमनला अखेरपर्यंत आनंदच वाटे, असे त्याच्या मुलींनी सांगितले आहे. त्यापासून आपल्याला काही येणे आहे, हे त्याच्या मनातही आले नाही. ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली.

गाणे मात्र थांबले नाही. १९७२ साली अमेरिकेत आणि १९८२ साली इंग्लंडमध्ये ते नव्या गायकांच्या आवाजात पुन्हा गाजले. दीडशेहून अधिक कलावंतांनी ते मुद्रित केले. मग १९९४ चा तो चित्रपट आला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांनी प्रथमच मतदान केले आणि नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. देश स्वतंत्र श्वास घेऊ लागला. सॉलोमनच्या मुली मात्र सोवेटोत गरिबीतच होत्या. मधल्या काळात, १९८० च्या दशकात त्याच्या पत्नीकडून आणि पुढे मुलींकडून, हक्क सोडून देणाऱ्या कागदांवर सह्याही घेण्यात आल्या होत्या. १९९० साली पत्नीही वारली. २००१ साली एक मुलगी एड्सने गेली.

२००० साली रायन मलान ह्या दक्षिण आफ्रिकन पत्रकाराने अमेरिकेच्या 'रोलिंग स्टोन' मासिकात ही सारी हकिकत लिहिली. सिंहाचे हे गाणे तोवर केवळ ह्या चित्रपटाच्या व्यवहारातून दीड कोटी डॉलर मिळवून गेले असावे, असा त्यांचा अंदाज होता. ह्या लेखाने खळबळ उडाली आणि वकील मंडळी कामाला लागली. परंतु कागदांवर सह्या होत्या. मग दाद मागायची कशाच्या आधारावर?

आधार सापडला तो जुन्या ब्रिटिश साम्राज्याच्याच कायद्यात! १९११ सालचा साम्राज्याचा कॉपीराइट कायदा दक्षिण आफ्रिकेत लागू होता. काही फेरफारांसह तो १९१४ पासून आपल्या देशातही लागू होता. ह्या कायद्यात एक कलम होते. लेखकाने हयातीत आपले हक्क विकले असले, तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते त्याच्या वारसांकडे परत यावेत. गरजेपोटी कवडीमोलाने हक्क विकणाऱ्या कलावंताच्या लेकरांना अन्न मिळावे, हा हेतू. इंग्लंडमध्ये हे कलम कादंबरीकार डिकन्सच्या नावाने ओळखतात. सॉलोमन १९६२ साली गेला. म्हणजे १९८७ पासून, त्या कायद्याखालील प्रदेशांत, हे हक्क त्याच्या वारसांचेच होते. ओवेन डीन ह्या दक्षिण आफ्रिकन वकिलांनी हे कलम बाहेर काढले.

२००४ साली लिंडाच्या वारसांच्या वतीने डिस्ने ह्या बलाढ्य चित्रपट कंपनीविरुद्ध दावा दाखल झाला. परदेशी कंपनीला इथल्या न्यायालयात ओढायचे कसे, हा प्रश्न होता. त्यावर, डिस्नेची दक्षिण आफ्रिकेत नोंदलेली व्यापारचिन्हे न्यायालयाकडून जप्त करवून घेण्यात आली. मिकी माउस आणि डोनाल्ड डक सोवेटोच्या मुलींच्या दाव्यासाठी तारण पडले म्हणा ना! २००६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील प्रकाशकांशी तडजोड झाली. मागच्या वापराबद्दल भरपाई आणि पुढच्या उत्पन्नात वाटा देण्याचे ठरले. रक्कम जाहीर झाली नाही. त्यात आणखी एक गोष्ट होती. 'द लायन स्लीप्स टुनाइट' हे 'म्बुबे'पासून निघालेले आहे, हे मान्य करण्यात आले आणि सहरचनाकार म्हणून सॉलोमन लिंडा हे नाव लावण्याचे ठरले. गाणे झाल्यापासून सदुसष्ट वर्षांनी, आणि गाणारा गेल्यापासून चव्वेचाळीस वर्षांनी!

मित्रहो, ह्या कथेतला खलनायक कोण, असा प्रश्न मला पडला होता. वर्णभेदाचे सरकार तर होतेच. दहा शिलिंग देणारा व्यवहारही होता. पण मला सर्वांत घातक वाटला तो एक साधा, निरुपद्रवी, शास्त्रीय दिसणारा शब्द : पारंपरिक. हा शब्द लावला की माणूस पुसला जातो. परंपरा काही आभाळातून पडत नाही. लग्नाचे गाणे गावाचे असेल, प्रार्थनेचा सूर चर्चचा असेल. पण तिसऱ्या वेळी, शेवटच्या क्षणाला, ते पंधरा-सोळा स्वर एकाच गळ्यातून आले. त्या गळ्याला नाव होते, पत्ता होता, घरी उपाशी लेकरे होती.

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा मी आजीला वही दाखवली आणि ह्यातल्या कोणत्या ओव्या तिच्या स्वतःच्या, असे विचारले. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. आधी ती हसली, ओव्या सगळ्यांच्याच असतात म्हणाली. मग एकेक ओवी मी वाचत गेलो आणि ती बोटे मोडीत गेली. काही तिच्या आईकडून आलेल्या. दोन तिच्या जावेच्या. एक शेजारणीची, जी आता हयात नाही. आणि नऊ तिच्या स्वतःच्या. आजोबा मुंबईला गेले तेव्हाची एक, थोरली आत्या गेली तेव्हाची एक, माझ्या वडिलांच्या जन्माची एक. कोणती ओवी कोणत्या पहाटे सुचली, ते तिला लख्ख आठवत होते. आजीला अक्षर येत नाही. कागदावर आपले नाव येऊन काय होणार, हे तिला काही केल्या कळेना. मी तिला सॉलोमनची गोष्ट सांगितली. ती ऐकून तिने, त्याच्या मुलींना शेवटी पैसे मिळाले का, एवढेच विचारले.

मी वही पुन्हा लिहून काढली आहे. चौदा ओव्यांपुढे ज्यांची त्यांची नावे, ठाऊक होती तेवढी. उरलेल्या नऊ ओव्यांपुढे आजीचे नाव, तिच्या माहेरच्या नावासह. सरांनी ती वही मराठी विभागात ठेवून घेतली आहे. जुने गुण तसेच राहू द्यावेत, असे मी त्यांना सांगितले. खरे म्हणजे ते आजीचे होते.

(द्वितीय वर्ष, कला)